मोठ्या कुत्र्यासाठी सेकंडहँड हायब्रिड घेताय? आधी बॅटरी कुठे आहे ते बघा

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर किंवा जत-आटपाडीकडचा उंच कारवान घरात असला की गाडीचा प्रश्न आज ना उद्या येतोच. साताऱ्याहून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं म्हटलं तरी एका बाजूला साठेक किलोमीटर होतात. येताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो आणि मे महिन्यात दुपारी बाराला काचेतून येणारं ऊन नुसतं भाजून काढतं. सांगली-मिरजेत अंतर कमी, पण सिग्नल आणि गर्दी जास्त. दोन्हीकडे एसी सतत चालू ठेवावा लागतो आणि पेट्रोल त्यातच जातं. म्हणून आता बरेच जण सेकंडहँड हायब्रिडकडे वळतात. निर्णय चांगला आहे, पण मोठा कुत्रा आणि हायब्रिड बॅटरी यांचं एकमेकांशी भांडण आहे, ते आधी समजून घ्यायला हवं. काही गाड्यांत बॅटरी कुत्र्याची जागा खाते आणि कुत्र्याचे केस बॅटरीची हवा खातात. गाडी निवडताना बाकीचे बहुतेक प्रश्न या दोन गोष्टींतूनच निघतात.

‘हायब्रिड’ म्हणजे नक्की कोणती?

बाजारात हा शब्द फार सैल वापरला जातो. सेकंडहँड बाजारात ‘हायब्रिड’ म्हणून उभ्या असलेल्या पुष्कळ गाड्या माइल्ड हायब्रिड असतात. मारुतीच्या सियाझ, अर्टिगा, एक्सएल६ आणि ब्रेझावर ‘एसएचव्हीएस’ किंवा ‘स्मार्ट हायब्रिड’ अशी पाटी दिसते, त्या या प्रकारातल्या. त्यांच्यात इंजिनाला पट्ट्याने जोडलेला एक छोटा जनरेटर-मोटर असतो. तो गाडी उचलताना थोडा हात देतो आणि सिग्नलला बंद पडलेलं इंजिन झटकन सुरू करतो. एकट्या मोटरवर ही गाडी हलत नाही.

कुत्रेवाल्यांसाठी फरक एसीचा आहे. माइल्ड हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. सिग्नलला इंजिन थांबलं की कॉम्प्रेसरही थांबतो आणि ब्लोअर नुसती हवा फेकत राहतो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे नुसत्या मोटरवरही चालू शकणाऱ्या गाडीत, कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि त्याला वीज मोठ्या बॅटरीतून मिळते. इंजिन बंद असलं तरी थंडावा तसाच राहतो. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, थोडा वेळ चार्ज करतं आणि पुन्हा बंद होतं. जाड केसांच्या कुत्र्यासाठी, आणि त्याहूनही पग-बॉक्सरसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यासाठी, हा फरक फार मोठा आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. त्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ते ४१ च्या वर गेलं की उष्माघाताचा धोका सुरू होतो. बंद गाडी उन्हात उभी राहिली की पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान सुमारे १० अंशांनी चढतं.

म्हणून एजंटाला पहिला प्रश्न हा विचारा: नुसत्या मोटरवर गाडी चालते का? आरसी बुकावर इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल/हायब्रिड’ असं असलं तरी गाडी माइल्ड असू शकते, त्यावर विसंबू नका. मॉडेल आणि व्हेरियंट दोन्ही बघा. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा या २०२२ साली आलेल्या जुळ्या गाड्या माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या. ग्रँड विटारामध्ये झेटा प्लस आणि अल्फा प्लस या स्ट्राँग, तर हायरायडरमध्ये एस, जी आणि व्ही या श्रेणींत दोन्ही प्रकार मिळतात. इनोव्हा हायक्रॉसचंही तसंच. व्हीएक्स आणि झेडएक्स हायब्रिड आहेत, पण जी आणि जीएक्स साध्या पेट्रोल. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. टोयोटाच्या हायब्रिडवर चिन्हाला निळी छटा असते, पण चिन्ह दोन-चारशे रुपयांत बदलून मिळतं. बॉनेट उघडून जाड नारिंगी वायर दिसते का ते बघा. ती दिसली तर गाडी खरी हायब्रिड. त्या वायरला हात मात्र लावायचा नाही.

डिकीत कुत्रा मावतो का?

हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये ०.७६ किलोवॅट-तासाची लिथियम-आयन बॅटरी डिकीच्या तळाखाली बसवलेली आहे. त्यामुळे माइल्ड गाडीत ३७३ लिटर असलेली डिकी स्ट्राँगमध्ये २६५ लिटरवर येते. लिटरचा आकडा कुत्र्याला काही सांगत नाही, पण त्याचा अर्थ असा की डिकीचा तळ उंच झाला. तळ उंच झाला की छतापर्यंतची उंची कमी झाली आणि मागची सीट पाडल्यावर सपाट जागा मिळण्याऐवजी मध्ये पायरी आली. त्या पायरीवर लॅब्रॅडॉर झोपत नाही. तो पूर्ण प्रवास उभा राहतो आणि ब्रेक लागला की पुढे येतो.

इनोव्हा हायक्रॉसमध्ये बॅटरी डिकीत नाही. ती निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आहे आणि ती सामानाची जागा खात नाही. तिसरी रांग पाडली की डिकी ३०० लिटरवरून ९९१ लिटरवर जाते. मारुती इन्व्हिक्टो हीच गाडी वेगळ्या नावाने विकली जाते आणि सेकंडहँडमध्ये तिच्यावर वेगळी घासाघीस करता येते. आमचं मत स्पष्ट आहे. ३० किलोच्या वरचे दोन कुत्रे असतील आणि बजेट पुरत असेल, तर या दोन्हींपैकी जी चांगल्या अवस्थेत मिळेल ती घ्यावी. एकच कुत्रा असेल आणि तो मागच्या सीटवर बसणार असेल, तर हायरायडर-ग्रँड विटारा पुरते.

होंडा सिटी ई:एचईव्ही आणि कॅमरी हायब्रिड या सेडान. त्यांची डिकी बंद असते, तिथे कुत्रा कधीच ठेवायचा नाही. मागच्या सीटवर एक शांत, वयस्क कुत्रा नेणाऱ्या घराला सिटी चालेल, बाकीच्यांनी तो विचार सोडावा. आणि बजेट कमी असेल तर अर्टिगा किंवा एक्सएल६ माइल्ड हायब्रिडला कमी लेखू नका. तिसरी रांग पाडली की जागा भरपूर मिळते. फक्त सिग्नलला इंजिन बंद करणारं बटण उन्हाळ्यात दाबून ती सोय बंद ठेवायची, म्हणजे एसी चालू राहतो. तशी गाडी चालवली की हायब्रिडची बचत जवळजवळ शून्य होते, हे धरूनच किंमत लावा.

जागा मोजताना टेप गाडीला लावण्याआधी कुत्र्याला लावा. चार मापं घ्यायची. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी आणि उभा असताना कानाच्या टोकापर्यंतची उंची. विमानातून कुत्रे नेताना जो हिशोब लावतात तोच इथे चालतो: पिंजऱ्याची लांबी म्हणजे पहिल्या मापात दुसऱ्याचं अर्धं मिळवायचं, आणि उंची म्हणजे चौथ्या मापापेक्षा अंथरुणाच्या जाडीइतकी जास्त. ९५ सेंटीमीटर लांबीचा आणि ३० सेंटीमीटर कोपराचा लॅब्रॅडॉर असेल तर ११० सेंटीमीटर लागतात. बाजारात त्याला साधारण ४२ इंची पिंजरा म्हणतात आणि तो १०६-१०७ सेंटीमीटरचा भरतो, म्हणजे अशा कुत्र्याला थोडा तोकडाच. थोराड जर्मन शेफर्डला ४८ इंची बघावा लागतो.

आता टेप गाडीला लावा. डिकीची आतली उंची मोजून लोक समाधानी होतात आणि नंतर पिंजरा दारातच अडकतो. मागच्या दाराच्या चौकटीची उंची आतल्या उंचीपेक्षा कमी असते. मागची काच तिरकी असल्यामुळे पिंजऱ्याचा वरचा कोपरा आधी टेकतो आणि दार लागत नाही. म्हणून तीन ठिकाणी मोजा: चौकटीत, मधोमध, आणि काचेच्या खालच्या कडेच्या रेषेत तळापासून वरपर्यंत. डिकीची रुंदी चाकांच्या फुगवट्यांच्या मध्ये घ्यायची, वर नाही. पिंजरा न्यायचा नसेल, कुत्रा मोकळा ठेवून मध्ये जाळी लावायची असेल, तर एवढं काटेकोर लागत नाही. तरी तो आत उभा राहून पूर्ण वळू शकला पाहिजे.

वजनाचा हिशोबही करा. ३५ किलोचे दोन शेफर्ड, २५ किलोचा लोखंडी पिंजरा आणि ७० किलोची चार माणसं मिळून ३७५ किलो होतात. गाडीच्या पुस्तकातलं एकूण परवानगी असलेलं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन हा आकडा याच्या वर असायला हवा, आणि टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या तक्त्यातली ‘पूर्ण भार’ची भरा.

केस, मूत आणि बॅटरीचा श्वास

हा भाग नीट वाचा, कारण गाडी बघायला आलेला नेहमीचा फिटर हे बघत नाही.

हायब्रिड बॅटरीला माणसासारखंच तापमान मानवतं. हायरायडर, ग्रँड विटारा आणि हायक्रॉससारख्या गाड्यांत तिला थंड ठेवायला केबिनमधलीच हवा एका पंख्याने ओढली जाते. म्हणजे तुम्ही कुत्र्यासाठी जो एसी लावता, तीच हवा बॅटरीलाही मिळते. ही हवा एका छोट्या जाळीतून आत जाते. बॅटरी मागे असलेल्या गाड्यांत ती जाळी बहुधा मागच्या सीटच्या आसपास, म्हणजे नेमकी कुत्रा जिथे बसतो तिथे, सापडते. मॉडेलप्रमाणे जागा बदलते. मालकाच्या पुस्तकात ‘हायब्रिड बॅटरी एअर इन्टेक’ या नावाखाली चित्र दिलेलं असतं. गाडी बघायला जाताना ते पान मोबाइलवर काढून ठेवा.

लॅब्रॅडॉर, गोल्डन आणि शेफर्डला दुहेरी केस असतात. आतला मऊ थर वर्षातून साधारण दोनदा मोठ्या प्रमाणात गळतो. हा केस हलका, हवेबरोबर उडणारा. पंखा तो ओढतो आणि जाळीमागच्या बारीक फिल्टरवर थर बसू लागतो. वर्षभरात तिथे धूळ आणि केस मिळून दाबून बसलेला एक राखी पट्टा तयार होतो. नखाने एक कडा उचलली तर अख्खा सोलून येतो, हातात घोंगडीचा तुकडा धरल्यासारखा. कारवानचे केस आखूड आणि ताठ असतात. ते थर करत नाहीत, पण जाळीतून सुईसारखे आत घुसतात आणि पंख्याच्या पात्यांपर्यंत पोचतात.

हवा अडली की पंखा जोरात फिरतो. मागच्या बाजूने सतत घरघर ऐकू येते. तरी बॅटरी तापली की गाडी स्वतःची ताकद कमी करते, मोटरचं काम कमी आणि इंजिनाचं जास्त होतं, ॲव्हरेज घसरतं. टोयोटाच्या गाड्यांत बॅटरीच्या कूलिंगची देखभाल करा असा संदेश मीटरवर येतो. गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०ए८२ हा कोड म्हणजे बॅटरीच्या पंख्याची तक्रार आणि पी०ए८० म्हणजे बॅटरीच संपत आल्याची तक्रार. पहिल्याकडे दुर्लक्ष केलं की दुसरा येण्याची वाट मोकळी होते. पहिल्या कोडात फिल्टर आणि पंखा साफ करून बहुधा काम भागतं, दुसऱ्यात खर्च एकदम वेगळ्या पातळीवर जातो.

उपाय साधा आहे. कुत्रा रोज गाडीत येत असेल तर महिन्यातून एकदा जाळीवरून व्हॅक्यूमचा मऊ ब्रश फिरवा आणि दर सर्व्हिसिंगला फिल्टर काढून साफ करायला लेखी सांगा. जाळीवर सीट कव्हर, चादर, गादी यांतलं काहीही येता कामा नये. कुत्र्यासाठी मिळणारं झोळीसारखं सीट कव्हर खालपर्यंत लोंबतं आणि नेमकी हीच जाळी झाकतं, म्हणून बसवल्यावर वाकून बघा. जाळीवर घरगुती फडकं किंवा मच्छरदाणी चिकटवू नका. केस अडतील, पण हवाही अडेल.

दुसरी गोष्ट मूत. लांबच्या प्रवासात घाबरलेलं पिल्लू किंवा म्हातारा कुत्रा गाडीत करतोच. साध्या गाडीत वास येतो एवढंच. बॅटरी खाली असलेल्या गाडीत ते खारट पाणी गालिच्यातून झिरपून कनेक्टरपर्यंत गेलं तर गंज धरतो आणि विजेची गळती सुरू होते. त्याचा कोड पी०एए६, म्हणजे उच्च दाबाच्या यंत्रणेचं इन्सुलेशन कमी झालं. हा दोष आला की गाडी पुन्हा सुरू व्हायलाच नकार देऊ शकते. म्हणून मागे कडा उचललेला रबरी ट्रे हवा, किमान दोन इंच कडेचा, आणि त्यावर पाणी शोषणारं अंथरूण. सांडलंच तर आधी टिपून घ्या. पाण्याचा पाइप लावून डिकी धुणं पूर्ण बंद.

म्हणूनच सेकंडहँड गाडी आधी कुत्रेवाल्याकडे होती का, हे विचारण्यात लाज नाही. मागच्या सीटबेल्टच्या खाचेत, सीट आणि पाठीच्या फटीत, छताच्या कापडात केस सापडतात. कितीही धुतली तरी तिथले राहतात. केस सापडले म्हणजे गाडी वाईट असं नाही. फक्त फिल्टर आपल्यासमोर काढून दाखवा, एवढा आग्रह धरायचा.

बघायला गेल्यावर

आदल्या दिवशी फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गार असलं पाहिजे. ब्रेक दाबून बटण दाबा. मीटरवर ‘रेडी’ आलं म्हणजे गाडी सुरू आहे, इंजिनाचा आवाज असो वा नसो. रेडी यायलाच वेळ लागला किंवा दिवे मिणमिणले तर पहिला संशय छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या. हायब्रिडमध्येही ती असतेच आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. बरेच दिवस एजंटाकडे उभी असलेली गाडी हा त्रास हमखास देते. ही बॅटरी डिकीत असलेल्या गाड्यांत वायू बाहेर काढणारी नळी असलेला प्रकार लागतो, कोणतीही स्वस्तातली बसवून चालत नाही. आणि कुत्रा तिच्याशेजारीच झोपणार आहे.

मग गाडी सावलीत, मोकळ्या जागेत उभीच ठेवून एसी २४ वर लावा आणि अर्धा तास बसा. एजंट कंटाळेल, बसू द्या. इंजिन काही मिनिटं चालून बंद व्हायला हवं, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा. दर मिनिटाला चालू-बंद होत असेल किंवा बंदच होत नसेल, तर बॅटरी भार धरत नाही किंवा एसी कमजोर आहे. याच वेळी डिकीत, कुत्रा बसल्यावर त्याची छाती येईल त्या उंचीवर, एक साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा. पुढे २४ दाखवतंय आणि मागे ३१, हे नेहमी दिसणारं चित्र आहे. थंड हवा मागच्या सीटच्या पाठीवर आपटून थांबते. डिकीवरचं झाकण काढा, मागचे झरोके वर वळवा आणि पुन्हा वीस मिनिटांनी वाचा. २६-२७ च्या वरच राहत असेल तर त्या गाडीत डिकीची जागा कुत्र्यासाठी नाही, मागची सीट आहे.

चालवून बघताना डोळा मीटरवरच्या बॅटरीच्या रेघांवर ठेवा. चढावर त्या हळूहळू उतरतात, उतारावर हळूहळू चढतात. दोनच मिनिटांत तळाला आणि पुढच्या दोन मिनिटांत पूर्ण भरलेल्या दिसल्या, तर बॅटरीची साठवण घटली आहे. सपाट हायवेवर हे कळत नाही, घाट लागतो. सातारकरांना यवतेश्वर जवळ आहे, वाईकरांना पसरणी.

घाट उतरताना एक गोष्ट मात्र दोष समजू नका. पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर आणि वाई सुमारे ७२० मीटरवर. दीड टनाची गाडी एवढी खाली येते तेव्हा तिच्यातून दोन किलोवॅट-तासांहून जास्त ऊर्जा मोकळी होते. थोडी रस्त्याला आणि हवेला जाते, तरी ०.७६ किलोवॅट-तासाची बॅटरी निम्म्या घाटातच भरते. मग तिला आणखी घेता येत नाही आणि गाडी इंजिन नुसतं फिरवून वेग आवरते. इंजिनाचा आवाज एकदम चढतो, पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही. हे बरोबर आहे. गिअरच्या दांड्यावर ‘बी’ (उतारावर इंजिनाने वेग आवरणारा गिअर) असलेल्या गाडीत तो घाट उतरताना आधीच टाकावा. कुत्रा मात्र या अचानक आवाजाने दचकतो, म्हणून घाटाची पहिली फेरी त्याच्या शेजारी घरचं माणूस बसवून करा.

हायब्रिडमध्ये मोटरच बराचसा ब्रेक लावते, त्यामुळे ब्रेकच्या चकत्या कमी घासतात आणि पावसाळ्यात गंजतात. चाकाच्या फटीतून बघा. कडेला गंज चालतो, मधल्या पट्ट्यात खड्डे चालत नाहीत.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हायब्रिड बॅटरीची तपासणी करून छापील अहवाल घ्या. खर्च तुम्ही करा, पण गाडी तुमच्यासमोर न्या. अहवालात बॅटरीचे गट वेगवेगळे दिसतात. एखादा गट भार पडल्यावर बाकीच्यांपेक्षा कायम खाली जात असेल, तर तो आज ना उद्या बसणार. आणखी एक हातचलाखी ओळखा. गाडी दाखवायच्या आदल्या दिवशी स्कॅनर लावून सगळे कोड पुसून टाकतात. अशा वेळी स्कॅनरवर स्वतपासणीच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात. तसं दिसलं तर चार-पाच दिवसांनी, गाडी चालल्यानंतर, पुन्हा स्कॅन करा, तोपर्यंत टोकन देऊ नका.

सांगली भागात पुराचा प्रश्न वेगळा सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा किती गाड्या पाण्यात होत्या ते सगळ्यांनी बघितलंय. हायरायडर-हायक्रॉस त्यानंतर आल्या, म्हणून त्या सुरक्षित असं समजू नका. डिसेंबर २०२३ ला चेन्नई, जुलै २०२४ ला पुण्याचा सिंहगड रस्ता आणि ऑगस्ट २०२४ ला वडोदरा पाण्यात होतं, आणि गाड्या राज्याबाहेरूनही येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गुंडाळलेल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटखालचे स्क्रू, जॅक ठेवायचा खण, गालिच्याचा कोपरा, फ्यूजचा डबा बघा. नारिंगी कनेक्टरवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर तिथून निघा. बॅटरीत पाणी शिरलेली हायब्रिड कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, त्यात घासाघीस करायला काही उरलेलं नसतं.

मागून ठोकलेली गाडीही अशीच. बॅटरी डिकीखाली असेल तर तळाचा पत्रा, वेल्डिंगचे ठिपके आणि सीलंटची रेघ दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते बघा.

टोकन देण्याआधीची शेवटची फेरी कुत्र्याला घेऊन करा, चादर आपली न्या. कुत्र्यांना ४० किलोहर्ट्झच्या पुढचंही ऐकू येतं, आपल्याला २० पर्यंत. मोटर आणि इन्व्हर्टरची बारीक शीळ आपल्याला जाणवत नाही, काही कुत्रे मात्र तिने अस्वस्थ होतात. बहुतेक जण चार-सहा दिवसांत सरावतात.

कागद आणि पैसे

टोयोटा, मारुती आणि होंडा तिघांच्याही या स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. २०२३ ची, ५०,००० चाललेली गाडी म्हणूनच चांगला सौदा ठरते. ही वॉरंटी चासिस नंबरवर अजून चालू आहे का, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. बाहेरून बसवलेले दिवे किंवा कापलेली वायरिंग दिसली तर त्याबद्दल स्पष्ट विचारा.

बचतीचा हिशोब असा. वर्षाला १२,००० किलोमीटर, हायब्रिडला एसीसकट २२ आणि तशाच साध्या पेट्रोल गाडीला १४ चं ॲव्हरेज धरलं, तर ८५७ ऐवजी ५४५ लिटर लागतात. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला साधारण ३२-३३ हजार वाचतात. हे सांगली-मिरजेच्या गर्दीत. पुणे-सातारा हायवेवर शंभराच्या वेगाने जाणाऱ्याला फरक याच्या निम्माही मिळणार नाही. जुन्या साध्या गाडीपेक्षा हायब्रिडला चार लाख जास्त मोजत असाल, तर वाचलेल्या पेट्रोलवर ते फिटायला बारा वर्षं लागतील. तेव्हा थंड डिकीसाठी किती मोजायचे, ते स्वतःला विचारून ठरवा.

गाडी घरी आल्यावर

पिंजरा किंवा जाळी बसवायला कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत उत्तम कारागीर आहेत. पण डिकीच्या तळाला ड्रिल लावू देऊ नका. खाली बॅटरी किंवा नारिंगी वायर असू शकते. गाडीच्या पत्र्याला वेल्डिंग तर नकोच. पिंजरा बाहेर बनवून आणा आणि डिकीतल्या कंपनीच्या हुकांना किंवा मुलांच्या सीटसाठी असलेल्या कड्यांना रॅचेट पट्ट्याने बांधा. सीट कायमची काढून टाकणं हा गाडीतला बदल ठरतो, त्याला आरटीओची परवानगी लागते. पाडून ठेवलेली सीट चालते.

मागच्या सीटवर बसणाऱ्या कुत्र्याला छातीचा हार्नेस आणि सीटबेल्टच्या खाचेत अडकणारा आखूड पट्टा लावा, गळ्याच्या पट्ट्याला कधीही नाही. लॅब्रॅडॉर आणि शेफर्डमध्ये कंबरेच्या सांध्याचा आजार नेहमीचा आहे, त्यांना उडी मारायला लावू नका. डिकी ७० सेंटीमीटर उंच असेल तर सहा फुटी फळीचा चढ साधारण २३ अंश होतो, पाच फुटीचा २७-२८. सहा फुटीच घ्या आणि वर काथ्याची चटई ठोका.

रेडी ठेवून, एसी लावून, कुत्र्याला गाडीत सोडून दुकानात जाण्याचा मोह होतो. दोन मिनिटांचं काम असलं तरी कोणीतरी गाडीत असू द्या. काचा आणि दारं आतून लॉक ठेवा, कुत्र्याचा पंजा काचेच्या बटणावर सहज पडतो. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये हे अजिबात करू नका, इंजिन आपोआप सुरू होतं आणि धूर तिथेच साठतो.

आणि घराच्या अंगणात. जुन्या डिझेलच्या खडखडाटाला सरावलेला कुत्रा तो आवाज आला की चाकामागून उठून बाजूला होतो. हायब्रिड मागे येते तेव्हा तो आवाज नसतो. काही मॉडेल हळू वेगात बारीक गुणगुणतात, पण कुत्र्याच्या लेखी तो गाडीचा आवाज नाही. पहिले दोन-तीन महिने गाडी मागे घेण्याआधी एकदा खाली उतरा, चारी चाकांच्या मागे बघा आणि घरातले सगळे कुत्रे मोजा.